हळदीच्या दोऱ्याचं पाकीट

पाकीट कसं उघडतो त्यावरून मी माणूस ओळखते. कोणी उजेडाकडे धरून आतला कागद एका बाजूला झटकतो आणि मग कडेची पट्टी हळूच फाडतो. कोणी करंगळीचं नख घालून टरकावतो. माझा धाकटा भाऊ दातांनी फाडायचा. आतलं पत्र अर्धं फाटलं तरी त्याला त्याचं काही नसे. मजकूर कळला म्हणजे झालं, असं म्हणायचा. तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण ज्याला आपण वरणात भाकर कुस्करून घासघास भरवलेला असतो, त्याच्याकडे आपण तशा नजरेनं बघत नाही.

आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि मी परकर सावरायला शिकले होते. त्याला कडेवर घेऊनच मी मोठी झाले. पुढं माझं लग्न झालं, नवरा विषमज्वरानं गेला, मूलबाळ नव्हतं, आणि मी कपाळ पुसून जळगावला भावाकडे परत आले. भाऊ तोवर संसाराला लागला होता. त्याचा छापखाना होता. छापखाना म्हणजे काय, तर रस्त्याकडची एक खोली, तीत पायानं चालवायचं छपाईचं यंत्र, कागद कापायचं एक जुनं कटर, आणि पडद्यामागं आम्ही राहायचो त्या दोन खोल्या. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. लोक ज्याला त्याला विचारत, आता काय बदलणार? माझ्यापुरतं सांगायचं तर मी कागदाच्या रिमांशेजारी झोपत होते, ती तिथंच झोपत राहिले.

लग्नसराईत छापखान्याला श्वास घ्यायला फुरसत नसे. पत्रिका छापायचा भाऊ, पाकिटं करायची वहिनीनं आणि मी. वहिनीला खळीच्या वासानं मळमळायचं, म्हणजे सगळी मीच. पण गिऱ्हाईक आलं की मी पडद्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा घरातला न बोललेला कायदा होता. लग्नाच्या कागदाला विधवेचा हात लागतो हे बाहेर कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी दारात कुत्रंही फिरकलं नसतं. कोणी विचारलंच तर भाऊ सांगे, "घरची माणसं करतात." मी घरचीच होते, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. मला टोचायचं ते. पण टोचतं म्हणून कोणाला सांगायचं?

त्या वेळच्या लग्नाच्या पाकिटांना दोन दुखणी होती. ऐपतदार घरांना बंद पाकीट हवं असे; उघडं पाठवलं तर काटकसर दिसायची. पण बंद करायचं कसं? जीभ फिरवून चिकटवलं तर ते उष्टं झालं. पहिली पत्रिका कुलदैवतापुढं ठेवायची, आणि ती थुंकी लावलेली? जुन्या बायका नाक मुरडत. म्हणून मग लोक घरी दाटसर खळ करून पाकीट चारी बाजूंनी लिंपायचे. भिंतीला शेण लिंपावं तसं. असं पाकीट ज्याच्या घरी जाई तो ते उघडणार तरी कसा? ओढाताणीत आतली पत्रिका फाटायची, बरोबर कुंकवाच्या बोटापाशी फाटायची, आणि मग घरातली म्हातारी कपाळाला हात लावून बसायची. दुसरं दुखणं ते.

मला हा वेडेपणा बघवत नसे. काम करताना डोकं रिकामं असतं, त्यामुळे मी त्याच्याच मागं लागले. थुंकी न लावता बंद व्हावं आणि काही न फाटता उघडावं, एवढंच हवं होतं. सांगायला एवढंच, पण त्यात एक अख्खा पावसाळा आणि हिवाळा गेला.

आधी चिकटवण्याचं बघितलं. चिंचोके भाजून, दळून, शिजवून केलेली खळ पक्की चिकटते, पण एकदा वाळली की वाळली. पाण्याचं बोट लावून ती परत जागी होत नाही. बाभळीचा डिंक जागा होतो, पण जळगावच्या उन्हात त्याचे पोपडे निघतात. मग खळीत थोडा डिंक, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि ते मिश्रण पाकिटाच्या झाकणाच्या फक्त टोकाला, बोटाच्या पेराएवढं लावून वाळवायचं. पाठवणाऱ्यानं पाण्याचं एक बोट फिरवलं की झाकण बसलं. जिभेचं काम नाही. डिंक जास्त झाला तर पाकिटं आपोआप एकमेकांना चिकटत, कमी झाला तर टपालाच्या थैलीत उघडत. सुरुवातीची काही पाकिटं गावोगाव रिकामी पोचली. पाकीट आलं, लग्न वाटेत राहिलं, अशी चेष्टा झाली माझी. वहिनी तर म्हणाली, "अक्का, तुम्ही भाकरीच थापा." मी भाकरीही थापत होते आणि खळही.

उघडायचं मला सुचलं ते पोतं उसवताना. धान्याच्या पोत्याची शिवण बरोबर टोकाला धरून ओढली की सर्रकन उसवते. तसाच झाकणाच्या घडीत आतून एक दोरा बसवला तर? त्या दिवसांत घरोघर टकळी होती, माझ्याकडेही होती. आणि कापसाला खानदेशात काय तोटा? मी कातलेलं सूत दुहेरी पिळून बघितलं. दोरा ओढला की वरची घडी सुरी फिरवल्यासारखी सरळ कापली जायची आणि आतल्या पत्रिकेला ओरखडासुद्धा नाही. मग ते सूत मी हळदीच्या पाण्यात बुडवून पिवळं केलं. लग्नाचा कागद, हळदीचा दोरा. बघणाऱ्यालाही बरं वाटतं.

राहिलं दोऱ्याचं टोक. ते कुठून तरी बाहेर आलं पाहिजे, नाहीतर धरणार काय? सोपा रस्ता म्हणजे झाकणाचा कोपरा जरासा कापायचा. टोक आपसूक बाहेर दिसतं. पण त्या रस्त्यानं मी गेले नाही, आणि का गेले नाही ते खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही कळेल. आमच्याकडे घरात कोणी गेलं की नातेवाइकांना कार्ड टाकतात, आणि त्या कार्डाचा एक कोपरा फाडून टाकतात. ते कार्ड घरात घ्यायचं नसतं. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, तिथंच फाडायचं आणि अंघोळ करायची. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही कोपरा वाचता येतो.

म्हणून मी कोपऱ्यापासून बोटभर आत सुईनं बारीक भोक पाडायची आणि दोरा त्यातून बाहेर काढायची. प्रत्येक पाकिटाला वेगळं भोक. वेळ खाणारं काम होतं ते, पण कोपरा शाबूत राहायचा. भावाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काय वाटेल ते कर, कोपऱ्याला हात लावायचा नाही." तो हसला होता. "मला काय येवढंही कळत नाही का अक्का?"

पाकीट लोकांनी डोक्यावर घेतलं. हळदीच्या दोऱ्याचं पाकीट पाहिजे, म्हणून अमळनेर, पारोळा, शिरपूरकडची माणसं जळगाव गाठू लागली. माझी भाची तेव्हा सहा-सात वर्षांची होती. बिघडलेली पाकिटं ती माझ्या मांडीवर बसून ओढून ओढून उघडायची आणि दर वेळी आत काही नाही म्हणून माझ्याकडे रागानं बघायची. एकदा धुळ्याचा एक बडा कागदव्यापारी खास बघायला आला. मी पडद्यामागं चहाची कपबशी घेऊन उभी होते. त्यानं पाकीट दोन-तीनदा उघडून बघितलं आणि भावाला विचारलं, "डोकं कोणाचं हो हे?"

भाऊ म्हणाला, "माझंच. सुचलं असंच बसल्या बसल्या."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. पण खरं सांगू? त्या दिवशी मला राग आला तसा तो गेलाही. माझं नाव सांगणं त्याला शक्यच नव्हतं. आणि तो परका थोडाच होता. त्याचं नाव झालं म्हणजे घरचंच झालं. व्यापारी गेल्यावर तो आत आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "अक्का, तुझं नाव घेता येत नाही, तुला माहीत आहे. पण माझ्या मनात आहे. धुळ्याला एक खोली घेतो. पाकिटांचं सगळं काम तिकडे नेऊ. ती खोली तुझी. हाताखाली बायका घे, तुझ्या मनासारखं कर. तिथं तुला पडद्यामागं बसावं लागणार नाही. आईची शपथ."

ज्या आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता तिची शपथ त्यानं घेतली, आणि मी ती धरून बसले. एक खोली. जिचं दार मी आतून लावीन आणि मीच उघडीन. बाकी मला आयुष्याकडून काही नको होतं. त्या वर्षी मी इतकं सूत कातलं की बोटाची कातडी सोलवटली, आणि ती सोलवटलेली बोटं बघून मला आनंद व्हायचा. आज त्या आनंदाची चीड येते.

पुढच्या वैशाखात दोंडाईच्याकडच्या एका मातबर शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं. मोठं काम होतं आणि फार घाईचं; पत्ते घालून टपालात टाकायचंही त्यांनी छापखान्यावरच सोपवलं होतं. मी दोरे बसवत होते आणि भोकं पाडत होते, पण माझ्या सुईची गती ती केवढी! भाऊ आत-बाहेर येरझारा घालत होता. शेवटी म्हणाला, "तू नुसते दोरे बसव. भोकं मी पाडून घेतो बाहेर." मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, शेवटी हातभार लावतोय.

काम गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भाची फ्रॉकच्या ओच्यात काहीतरी घेऊन माझ्याकडे आली. "आत्या, बघ, शंकरपाळे." ओच्यात कागदाचे तुकडे होते. लहान लहान, तीन कोनांचे, सगळे एका मापाचे. मी एक तुकडा उचलून जवळच्या पाकिटाच्या कोपऱ्यावर ठेवून बघितला, तो बरोबर बसला. भावानं भोकं पाडलीच नव्हती. गठ्ठेच्या गठ्ठे कटरखाली धरून त्यानं एकेका दणक्यात कोपरे उडवले होते.

मी तशीच पडद्याबाहेर गेले. गिऱ्हाईक आहे-नाही तेही बघितलं नाही. "कोपरे कापलेस?"

"कापलेत. फाडलेले नाहीत," तो म्हणाला. "नीट सरळ रेघेत कापलेत. मेल्याच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असतो. लोक काय आंधळे आहेत?"

"माणूस पाठव. परत आण ती पाकिटं."

"ती कालच टपालात पडली. तू ना, उगाच अभद्र बोलतेस."

मी अभद्र बोलते, हे त्यानं पहिल्यांदा म्हटलं ते तेव्हा.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं, तेही मुलीच्या बापाच्या तोंडून, पडद्याआडून. पाकिटं शिंदखेड्याच्या, नरडाण्याच्या बाजूला खेडोपाडी पोचली. टपालवाल्यांनीच ती लांबून दिली. कोपरा नाही म्हटल्यावर पिवळ्या दोऱ्याकडे कोण बघणार, आणि ती उघडायची हिंमत कोणाला होणार? वरचं पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, बस्स. मुलीच्या मामानं उंबऱ्याबाहेर पाकीट तसंच फाडून टाकलं, घरानं अंघोळी केल्या आणि बैलगाड्या जुंपल्या. दारावर बसायला जायचं, म्हणजे ज्या घरात माणूस गेलं त्या घरी जाऊन रडून यायचं, ही आमच्याकडची पद्धत. तशी माणसं दोंडाईच्याकडे निघाली. आणि तिकडे मांडव पडला होता, बायका जात्यावर हळद दळत होत्या, गाणी चालली होती. त्या मांडवात मुलीच्या मावश्या गळा काढत शिरल्या. कोण गेलं हे त्यांना माहीत नव्हतं, पण कोणीतरी गेलं होतं एवढं नक्की. मुलीची आजी खाटेवर सुपारी कातरत बसली होती, तिच्याच गळ्यात पडून रडल्या. म्हातारीनं ती धास्ती घेतली आणि अंथरूण धरलं.

ऐकणाऱ्याला हसू येईल. मलाही क्षणभर आलं असतं. पण बाप छापखान्यात उभा होता तेव्हा कोणी हसत नव्हतं. सोबत चार-पाच धट्टीकट्टी माणसं होती. त्याच्या हातात एक पाकीट होतं आणि ते तो भावाच्या तोंडापुढं नाचवत होता.

"कोन मरनं आमना घरमा? सांग! कोन मरनं? पोरनी हळद दळाई ऱ्हायनी, आन बठ्ठा सोयरा रडत रडत दारवर उनात! हाई कोनं काम शे?"

सगळे सोयरे रडत दारावर आले, हे काम कोणाचं, असं तो विचारत होता. मी पडद्यामागं होते. हात कोपरापर्यंत खळीनं भरलेले. भाऊ काय बोलतो ते मी ऐकत होते, आणि मनात म्हणत होते, चूक झाली म्हण. पाया पड. घाईत कोपरे कापले म्हण. माणसाच्या हातून चुका होतात, लग्नाच्या घरचा माणूस आहे, शिव्या देईल आणि माफ करील.

भाऊ म्हणाला, "नाना, शांत व्हा. पाकिटं मी केलेली नाहीत. माझी बहीण आहे घरी. विधवा आहे. तिनं केली. मला पत्ताच नाही."

बाप अगदी हळू आवाजात म्हणाला, "रांडमुंड बाईना हात लागना मन्ही पोरना लगीनले?"

"माझ्या नकळत झालं, नाना."

"आते समजनं," तो म्हणाला. आता समजलं.

आणि खरंच, सगळ्यांना समजलं. कोपरा कापल्यामुळे लोक फसले, ही साधी गोष्ट कोणाला पटत नव्हती. पण विधवेच्या हातामुळे अभद्र झालं, हे सगळ्यांना लगेच पटलं. त्या माणसांचे आवळलेले हात सैल झाले. एकजण तर भावाची कीव करत म्हणाला, घरात अशी बाई असली की काय करणार माणूस.

मी पडदा सारून बाहेर आले. "कोपरा मी कापलेला नाही. मी नको म्हणत होते," एवढंच म्हणाले. बापानं मला बघितलं आणि चटकन तोंड फिरवलं. शुभकार्याच्या दिवसांत माझं तोंड बघायचं नव्हतं त्याला. त्याचं मला काही वाटलं नाही. तो परका होता, त्याच्या घरात रडारड झाली होती. मी भावाकडे बघत होते.

भाऊ म्हणाला, "अक्का, आत जा."

पाठीत सुरा खुपसणाऱ्याचा निदान हात तरी दिसतो. यानं केसानं गळा कापला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती गोष्ट मी ऐकली होती. पण त्या गोष्टीतला चोर संन्याशाच्या मांडीवर वाढलेला नसतो. वाहवा होत होती तोवर पाकीट त्याचं होतं. शिव्या आल्या त्या क्षणी ते माझं झालं. आणि त्यानं नुसतं पाकीट माझ्या अंगावर टाकलं नाही. जी गोष्ट त्यानं इतकी वर्षं पडद्यामागं लपवली होती, तीच त्यानं ढालीसारखी पुढं धरली. मी आत गेले. हातावरची खळ वाळून ताठ झाली होती, ती मी तशीच राहू दिली.

त्यानं त्या घराला नव्या पत्रिका छापून दिल्या. साध्या पाकिटांतून. आणि गिऱ्हाइकांना सांगू लागला की आता आमच्याकडे लग्नाच्या कामाला सवाष्णीचाच हात लागतो. वहिनी कधी नव्हे ती खळीपाशी बसू लागली, नाकाला पदर लावून. मला कोणी घरातून जा म्हटलं नाही. धुळ्याच्या खोलीचं नाव मात्र परत कोणी काढलं नाही. एकदा मीच विचारलं, तर तो म्हणाला, "आता तुला कोण काम देणार आहे, अक्का? खोलीचं काय करशील?"

मी ट्रंक भरली. टकळी घेतली, खळीचं पातेलं घेतलं, आणि एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी धुळ्याची एस.टी. धरली. कोणी अडवायला आलं नाही असं म्हणणार नाही. भाची स्टँडपर्यंत माझा पदर धरून आली होती.

धुळ्यात पांझरेच्या बाजूला एका म्हातारीच्या घरात खोली मिळाली. म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "एकली शे का?" मी मान हलवली. "ऱ्हाय मंग," ती म्हणाली. एवढीच चौकशी. मला त्या दोन शब्दांनी रडू फुटलं.

लग्नाची पाकिटं मी पुन्हा केली नाहीत. बी-बियाणं विकणाऱ्या एका दुकानाला पाकिटं करून देऊ लागले, आणि एका वैद्यांना औषधाच्या पुड्या. वैद्यांना माझं पाकीट फार आवडायचं. आजारी माणसाच्या थरथरत्या हातांनाही दोरा ओढता येतो, असं म्हणायचे. बियाणं माझा हात लागूनही उगवायचं. औषध माझा हात लागूनही लागू पडायचं. फक्त लग्नांनाच माझ्या हाताची भीती होती.

अशी वर्षं गेली. मग एका माघात, सकाळी, भाऊ दारात उभा. केस पिकले होते, खांद्यावर टॉवेल, हातात पिशवी. वाकून पाया पडला. "अक्का," म्हणाला, आणि मी सगळं विसरले. खोटं कशाला बोलू, सगळं विसरले. वाटलं, आला. उशिरा का होईना, आला. मी काही विचारलंच नाही. वांगी होती, ती भाजली, भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. त्याला लहानपणापासून तेच आवडायचं. तो जेवायला बसला आणि मी समोर वारा घालत बसले, हिवाळ्यात.

"अक्का, पोरीचं लग्न ठरलं," तो म्हणाला.

माझे डोळे भरले. मांडीवर बसून दोरे ओढणारी ती.

"पाकिटं तुझ्या हातची पाहिजेत," तो म्हणाला. "कितीदा करून बघितलं, तसं जमतच नाही. खळ फुटते नाहीतर घट्ट बसते. मुलाकडचे मोठे लोक आहेत, त्यांच्या घरी पत्रिका गेली की दोरा ओढून बघत राहिले पाहिजेत."

"माझ्या हातची चालतील?" मी विचारलं. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. चालतील म्हण, तेव्हा मी चुकलो म्हण.

तो भरिताचं बोट चाटत म्हणाला, "लोकांना कुठं कळणार आहे?"

मी हातातला पंखा खाली ठेवला. आपण काय बोललो हेही त्याला कळलं नव्हतं. तो पुढची भाकर मोडत होता.

"आणि लग्नाला मी?"

"ये ना. घरचंच आहे. फक्त हळदीला जरा मागच्या बाजूला थांब. मुलाकडचे जुन्या वळणाचे आहेत."

"त्या दिवशी कोपरे कोणी कापले होते रे?"

"अक्का, किती जुनं उकरून काढतेस!" तो वैतागला. "ते लोक मला मारायला उठले होते. काय करणार होतो मी?"

"म्हणून मला पुढं केलंस."

"तुला ते काय करणार होते? माझा धंदा बुडाला असता, घर बुडालं असतं. तुझं काय जायचं राहिलं होतं?"

तो हे रागानं म्हणाला नाही. समजावून सांगावं तसा म्हणाला. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी तो घाबरला आणि भीतीपोटी जीभ घसरली. तसं नव्हतं. त्यानं हिशोबानं बघितलं होतं. घरातली जी वस्तू आधीच मोडलेली आहे तीच फेकून मारावी. माझी खोली, माझं काम, माझ्या सोलवटलेल्या बोटांचा आनंद, हे सगळं त्याच्या लेखी कधी नव्हतंच. म्हणजे त्यानं माझं काही हिरावून घेतलं, हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

"हात धू," मी म्हणाले. "दुपारची गाडी मिळेल तुला."

"आणि पाकिटं?"

"बाजारात मिळतात."

तो गेला. जाताना माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की जणू मीच त्याला फसवलं. उरलेलं भरीत मी घरमालकिणीला दिलं.

पत्रिका आली ती टपालानं. बाजारचं पाकीट होतं, गुलाबी, गुळगुळीत, आणि चारी बाजूंनी डिंकानं लिंपलेलं. मी उजेडाकडे धरून आतला कागद झटकला, तो हलेना. आतूनही चिकटला होता. नखानं बघितलं, सुईनं बघितलं. शेवटी जरा जोर लावला, तर पाकिटाबरोबर आतल्या पत्रिकेचाही कोपरा तुटून माझ्या हातात आला.

मी उंबऱ्याच्या आत उभी होते. एका हातात भाचीच्या लग्नाची पत्रिका, कोपरा नसलेली, आणि दुसऱ्या हातात तो तीन कोनी तुकडा. पोरीचं नाव तुकड्याच्या शेजारीच छापलेलं होतं. रीतीप्रमाणं मी ती तिथंच फाडून टाकायला हवी होती.

चुलीवर खळ शिजतच होती. मी पाटावर बसले, सुईच्या टोकावर खळ घेतली, तंतूला तंतू जुळवला आणि तो कोपरा जागच्या जागी डकवला. वर तांब्या ठेवून वाळू दिला. सांधा बोटालाही लागत नव्हता. मग तिला माझ्या हातानं हळदकुंकू लावलं आणि देवापुढं ठेवली. पोरीचा संसार सुखाचा होऊ दे म्हटलं. भावासाठी काही मागितलं नाही.